रांगेत नसलेला रुग्ण



१९४४ साली पुण्याच्या रास्ता पेठेतल्या ४० खाटांच्या एका प्रसूतिगृहात सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या एक पारशी डॉक्टर कामाला लागल्या. १९९९ पर्यंत त्या तिथेच होत्या. मधल्या ५५ वर्षांत त्या प्रसूतिगृहाचं ५५० खाटांचं सर्वोपचार रुग्णालय झालं, त्याला संशोधन केंद्र जोडलं गेलं, आणि शिरूर तालुक्यातल्या खेड्यांपर्यंत त्याचं काम पोचलं. रुग्णालय केईएम. डॉक्टरांचं नाव बानू जहांगीर कोयाजी. पुणेकरांच्या बानूबाई.

पुण्याबाहेरच्या श्रोत्यांसाठी एक खुलासा आधीच करतो. मुंबईत परळला आहे ते केईएम महापालिकेचं, १९२६ सालचं. पुण्याचं केईएम त्याहून जुनं, १९१२ चं, आणि ते विश्वस्त संस्थेचं आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. महापालिकेच्या रुग्णालयामागे कर भरणारं अख्खं शहर उभं असतं. विश्वस्त रुग्णालयाला दर महिन्याचे पगार, औषधांची बिलं, धोब्याचा हिशेब हे सगळं स्वतःच्या मिळकतीतून आणि लोकांच्या देणग्यांतून भागवावं लागतं. खाजगी खोलीतल्या रुग्णाकडून चार पैसे जास्त घ्यायचे आणि त्यातून जनरल वॉर्ड चालवायचा, ही अशा संस्थांची रीत. ती सांभाळताना तोल कुठे जातो याकडे मी शेवटी येणार आहे.

आज मला बानूबाईंमधल्या डॉक्टरपेक्षा रुग्णालयाचा कारभार पाहणाऱ्या बाईंबद्दल जास्त बोलायचं आहे. सर्जनचं नाव आपल्याकडे आपोआप पसरतं. ‘हात चांगला आहे’ म्हणून माणसं दुसऱ्या जिल्ह्यातून येतात. रुग्णालय चालवणाऱ्याचं नाव मात्र काही बिघडलं तरच वर्तमानपत्रात येतं. म्हणून हे काम प्रत्यक्षात कशाचं असतं ते जरा जवळून पाहू.

रात्रीचे अडीच वाजले आहेत. बाळंतपण होऊन वीस मिनिटं झाली आहेत, बाळ रडलं आहे, आणि आईचा रक्तस्राव थांबत नाही. इथे डॉक्टरचं कौशल्य लागतंच. पण त्या कौशल्याच्या हाताशी काय काय असावं लागतं? गर्भाशय आकसण्याचं इंजेक्शन फ्रीजमध्ये असावं लागतं आणि त्या फ्रीजला दिवसभर वीज मिळालेली असावी लागते. बाईच्या गटाचं रक्त पेढीत असावं लागतं. भूलतज्ज्ञ आवारात किंवा हाकेच्या अंतरावर असावा लागतो. ऑटोक्लेव्हमधून काढलेले गॉजचे डबे भरलेले असावे लागतात. ट्रॉली ढकलणारा वॉर्डबॉय जागेवर असावा लागतो. औषधांच्या कपाटाची किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरकडे असावी लागते. ती स्टोअरकीपरच्या घरी असून चालत नाही. आणि बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला ‘आधी पैसे भरून या’ असं कुणी म्हणता कामा नये. यातली एकही गोष्ट अडीच वाजता ठरत नाही. कुणीतरी काही महिन्यांपूर्वी खरेदीच्या कागदावर सही केलेली असते, रात्रपाळीत एक माणूस वाढवलेला असतो, पैशाच्या खिडकीवरच्या कारकुनाला एक स्पष्ट नियम घालून दिलेला असतो. ती बाई वाचली तर श्रेय डॉक्टरला जातं, आणि ते योग्यच आहे. पण जिने किल्ली कुणाकडे राहील हे ठरवलं, तिनेही ती बाई वाचवलेली असते.

असं काम बानूबाईंनी ५५ वर्षं केलं.

त्यांचा जन्म १९१७ चा, मुंबईतला. शाळा पुण्यात झाली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९४० साली त्या एम.डी. झाल्या. स्त्रीरोगशास्त्रात जगभर ज्यांच्या नावाचा टाका ओळखला जातो ते डॉ. वि. ना. शिरोडकर त्यांच्या शिक्षकांपैकी एक. लग्न इंजिनिअर जहांगीर कोयाजींशी झालं आणि त्या पुण्यात आल्या. जहांगीर यांचे बंधू डॉ. एदलजी कोयाजी हे पुण्यातले नावाजलेले डॉक्टर. केईएममध्ये येण्याचा मार्ग त्यांच्यामुळे खुला झाला. सरदार मुदलियार यांचं नाव या संस्थेच्या जडणघडणीशी जोडलेलं आहे आणि रुग्णालयाच्या रस्त्याला आजही त्यांचंच नाव आहे. या शहराच्या सार्वजनिक संस्था अशा निरनिराळ्या समाजांच्या माणसांनी उभ्या केल्या, हे इथे आवर्जून सांगावंसं वाटतं.

१९४४ सालचा देश कसा होता? त्याच सुमाराला भोर समिती देशाच्या आरोग्याची पाहणी करत होती. १९४६ साली तिचा अहवाल आला. त्यातले आकडे आजही वाचवत नाहीत. जन्मलेल्या हजार मुलांमागे १६२ मुलं वर्षाच्या आत दगावत. दर हजार बाळंतपणांत सुमारे वीस आया मरत; वर्षाला साधारण दोन लाख बायका. ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, ४३,००० माणसांमागे एक परिचारिका, ६०,००० माणसांमागे एक प्रशिक्षित सुईण. साठ हजारांत एक! शिरूर-खेडच्या पट्ट्यात राहणाऱ्या बाईच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की शिकलेली सुईण आयुष्यात कधी तिच्या उंबऱ्यावर येणारच नव्हती.

प्रसूतिगृहात काम करणाऱ्या डॉक्टरला हे आकडे अहवालात वाचावे लागत नाहीत. नववं, दहावं बाळंतपण घेऊन येणारी, अंगात रक्त नसलेली बाई समोर दिसत असते. बानूबाई कुटुंबनियोजनाकडे वळल्या त्या यातून. या बाबतीत पुण्या-मुंबईत वाट पाडणारी माणसं आधीच होऊन गेली होती. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी आयुष्यभर हालअपेष्टा सोसल्या. पुण्यात शकुंतलाबाई परांजपे हे काम करत होत्या, आणि बानूबाई त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. संततिनियमनाचा उच्चार घरात करायची चोरी होती, असा तो काळ. तेव्हा प्रतिष्ठित रुग्णालयातल्या डॉक्टरणीने उघडपणे या बाजूने उभं राहणं म्हणजे देणगीदारांची आणि विश्वस्तांची नाराजी ओढवून घेण्याची तयारी ठेवणं होतं.

रुग्णालय वाढलं त्याची तपशीलवार हकिगत मी सांगत बसत नाही. इमारती, विभाग, यंत्रं, पदव्युत्तर शिक्षण, १९७२ साली सुरू झालेलं संशोधन केंद्र हे सगळं टप्प्याटप्प्याने आलं. पैसा कसा उभा राहिला, कुणाला गळ घातली, कुणाचा नकार पचवला, हा त्यातला खरा भाग. आणि तो बहुतेक फायलींमध्येच राहून गेला आहे. ‘सकाळ’ वृत्तपत्राच्या संचालक मंडळावरही त्या होत्या, शहरातल्या कर्त्या माणसांशी त्यांचा रोजचा संबंध होता, आणि तो सगळा संबंध त्या रुग्णालयाच्या कामी लावत. पण इतपत काम करणारी माणसं आपल्याकडे आणखीही होऊन गेली. बानूबाईंचं वेगळेपण पुढे आहे.

रुग्णालय भरलेलं असलं की कारभाऱ्याला समाधान वाटतं. ओपीडीला रांग आहे, खाटा रिकाम्या नाहीत, म्हणजे आपण लोकांच्या उपयोगी पडतो आहोत, असं मानायला तो मोकळा असतो. वार्षिक अहवालात आकडे छापले जातात: इतके बाह्यरुग्ण, इतक्या शस्त्रक्रिया, इतकी बाळंतपणं. हे सगळे आकडे आलेल्यांचे असतात. जी आलीच नाही तिचा आकडा कुठल्याही केसपेपरवर नसतो. कारभाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न बानूबाईंना मात्र हाच वाटला: आलं नाही ते कोण, आणि का?

मातामृत्यूंचा अभ्यास करणारे तीन उशीर सांगतात. पहिला घरात होतो: बाईला रुग्णालयात न्यायचं हे ठरवायलाच वेळ जातो. सासू म्हणते आमची झाली ना घरातच, नवरा शेतावर असतो, पैसे सावकाराकडून आणायचे असतात. दुसरा उशीर वाटेवर होतो: बैलगाडी, पावसात वाहणारा ओढा, दिवसातून दोनदा येणारी एस.टी. तिसरा उशीर रुग्णालयात पोचल्यावर होतो: डॉक्टर नाही, रक्त नाही, डिपॉझिट नाही. अडलेली बाळंतीण तिसऱ्या दिवशी पुण्यात आली आणि टेबलावर गेली, तर कागदावर तो रुग्णालयातला मृत्यू होतो. खरं तर ती घरातच मरायला लागलेली असते. बहुतेक रुग्णालयं तिसऱ्या उशिरापुरती जबाबदारी मानतात. तीही सगळी मानत नाहीत. बानूबाईंनी तिन्ही उशीर आपल्या रुग्णालयाच्या कामात धरले. मला त्यांचा सगळ्यात मोठा प्रशासकीय निर्णय हा वाटतो.

त्यातून वढू आलं. शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक हे भीमेच्या परिसरातलं, छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचं गाव. पुण्यापासून फार लांब नाही, पण १९७० च्या दशकात ते अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नव्हता. तिथे केईएमने काम सुरू केलं आणि १९७७ पासून सरकारच्या सहकार्याने वढू ग्रामीण आरोग्य प्रकल्प आकाराला आला. गावातल्याच, बेताचं शिक्षण झालेल्या माणसांना निवडायचं, केईएमच्या डॉक्टरांनी त्यांना शिकवायचं, आणि गावाच्या आरोग्याची पहिली जबाबदारी त्यांच्याकडे द्यायची.

१९७७ हे साल नुसती तारीख म्हणून सोडून देता येत नाही. आणीबाणी त्याच वर्षी उठली. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८२ लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि त्यातल्या किती जबरदस्तीच्या होत्या हे गावोगाव ठाऊक होतं. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा झालं नाही. सरकारी जीप दिसली की पुरुष उसात पळायचे, अशा त्या दिवसांत शहरातल्या एका रुग्णालयाला गावात पाय ठेवायचा होता. आणि त्या रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टर कुटुंबनियोजनाच्या कट्टर पुरस्कर्त्या म्हणूनच ओळखल्या जात होत्या.

इथे त्यांचं शहाणपण दिसतं. गावात जाऊन शस्त्रक्रियांची शिबिरं भरवणं सोपं होतं. त्यांनी आधी ताप, जुलाब, खोकला, लसी, गरोदर बाईची तपासणी यांना हात घातला. ज्या घरात तीन मुलं जन्मतात आणि दोन दगावतात, त्या घराला ‘दोन पुरे’ कुणी सांगायचं? आधी मूल जगतं हे त्या घराला दिसलं पाहिजे. मग पुढचं बोलणं त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्याच गावातल्या माणसाने करायचं. सक्तीने जे झालं नाही ते विश्वासाने होतं, हे बानूबाईंना आणीबाणीच्या आधीही ठाऊक होतं, असं त्यांच्या सगळ्या कामावरून वाटतं.

अशा आरोग्य कार्यकर्त्याच्या हातात काय असतं? एक पेटी आणि एक वही. पेटीत तापाच्या आणि हिवतापाच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, जलसंजीवनीची पाकिटं, जखमेसाठी मलम, पट्टी. पेटी लोकांच्या नजरेत भरते, पण वहीचं मोल मला जास्त वाटतं. घर क्रमांक. घरात माणसं किती. गरोदर कोण, कितवा महिना. धनुर्वाताची इंजेक्शनं झाली का. मागची बाळंतपणं किती. आणि त्यापुढे शेजारी शेजारी दोन रकाने: झालेली मुलं, जगलेली मुलं. सहावी-सातवी शिकलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने एका रकान्यात ‘पाच’ आणि शेजारी ‘दोन’ लिहिलं, की आपल्या गावात काय चाललंय हे त्याला पुस्तकावाचून कळतं. मग वही वर जाते, डॉक्टर ती पाहतात, आणि नवव्या महिन्यातल्या अंगावर सूज आलेल्या बाईला निरोप जातो: उद्या गाडी येईल, तयार राहा. रांगेत नसलेला रुग्ण रुग्णालयाला पहिल्यांदा दिसतो तो या वहीत.

गावातल्या माणसाला आरोग्याचं काम शिकवणं ही कल्पना एकट्या वढूची नव्हती. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून हेच काम उभं केलं होतं आणि त्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने तशी शिफारस केली, १९७७ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने देशभर आरोग्यरक्षक योजना सुरू केली, आणि दुसऱ्याच वर्षी आल्मा-आटाच्या परिषदेत जगातल्या देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा ठराव केला. महाराष्ट्रातली दोन छोटी गावं त्या जागतिक ठरावाच्या आधीपासून या वाटेवर चालत होती, याचा आपल्याला अभिमान हवा.

पण सरकारी योजना काही वर्षांत ढेपाळली आणि वढूचं काम टिकलं. का? सरकारी आरोग्यरक्षकाला तीन महिन्यांचं शिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि औषधांची पेटी मिळाली. निवडले गेले बहुतेक पुरुष, पुष्कळदा सरपंचाच्या मर्जीतले. आणि गरोदर बाई आपलं दुखणं परक्या पुरुषाला सांगत नाही. हे दोष खरेच. पण माझ्या मते मुख्य दोष असा, की त्या आरोग्यरक्षकाच्या पाठीमागे रुग्णालय उभं नव्हतं. त्याने चिठ्ठी देऊन बाईला पाठवायचं तर कुठे? केंद्राला कुलूप, डॉक्टर तालुक्याला. दोनदा चिठ्ठी वाया गेली की तिसऱ्यांदा त्याचं गावात कुणी ऐकत नाही. वढूच्या कार्यकर्त्याने पाठवलेल्या बाईला केईएमचं दार उघडं होतं. ते उघडं राहील याची काळजी रास्ता पेठेत बसलेल्या एक बाई घेत होत्या. गावातला कार्यकर्ता आणि शहरातला कारभार हे एकाच साखळीत असल्याखेरीज दोघांचाही उपयोग नाही, हे वढूने दाखवून दिलं.

१९८८ पासून तिथे तरुण मुलींसाठी वेगळं काम सुरू झालं. शाळा सुटलेल्या मुलींना लिहायला-वाचायला शिकवणं, शरीराची माहिती देणं, हाताला काही काम देणं. कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय १८ होऊन दहा वर्षं झाली होती. गावात त्याआधीच लग्नं उरकली जात होती. सोळाव्या वर्षी गरोदर राहिलेल्या, अंगात रक्त नसलेल्या मुलीला वाचवायला रुग्णालयाला फार उशीर झालेला असतो. म्हणून रुग्णालयाने ती बारा-तेरा वर्षांची असतानाच तिच्याकडे जायचं. रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात शिकवणीवर्गाचा खर्च मांडायला किती हिंमत लागते, हे विश्वस्तांच्या बैठकीत बसलेल्या कुणालाही विचारा. हिशेबनीस विचारतोच, हा खर्च कुठल्या विभागात टाकायचा?

बानूबाईंना १९८९ साली पद्मभूषण मिळालं आणि १९९३ साली सार्वजनिक सेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार. आधुनिक शहरी रुग्णालयाची ताकद खेड्यातल्या बायकांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या कामी लावली, म्हणून हा गौरव झाला. तो नेमक्या जागी झाला, असं मी म्हणेन.

आता थोडं संशोधनाबद्दल, कारण तोही त्यांच्या वारशाचाच भाग आहे. आधी सांगितलेल्या वहीचंच मोठं रूप पुढे वढूत उभं राहिलं. २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून परिसरातल्या गावांमध्ये जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची नियमित नोंद ठेवणारी लोकसंख्या निरीक्षण यंत्रणा तिथे चालते. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांनी तो सगळा पट्टा बदलून टाकला आहे. परप्रांतातून कामगार येतात, जातात, आणि त्यांच्यासह हे बदल त्या नोंदींत उतरतात. रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या जुलाबांवरची ‘रोटाव्हॅक’ ही भारतीय लस तुम्ही ऐकली असेल. २०११ ते २०१३ या काळात दिल्ली, वेल्लोर आणि पुणे या तीन ठिकाणी मिळून ६,७९९ बाळांवर तिची चाचणी झाली, आणि पुण्याचं ठिकाण म्हणजे वढू. २०१६ पासून ती लस सरकारी लसीकरणात आली. स्वतःचं तान्हं बाळ अशा चाचणीत द्यायला आई तयार होते ती कागदावरचा मजकूर वाचून होत नाही. अनेक वर्षं घरी येणाऱ्या माणसांच्या ओळखीवर होते. ही ओळख हीच तिथली मोठी पुंजी आहे, आणि संशोधकांनी ती फार जपून वापरली पाहिजे.

केईएमच्याच मधुमेह विभागाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. इथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपली बाळं दिसायला बारकी असूनही त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्या मानाने टिकून होतं. कमी होते ते स्नायू. पुढे मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाची मुळं आईच्या पोटात शोधावी लागतील, हे जगाला सांगणाऱ्या अभ्यासांत या अभ्यासाचं नाव घेतलं जातं. पालेभाज्या, फळं, दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं अंगापिंडाने चांगली होती, हेही त्यात दिसलं. प्रसूतिगृह म्हणून सुरू झालेल्या रुग्णालयाने गरोदर बाईच्या ताटात डोकावून पाहावं आणि त्यातून मधुमेहाचं कोडं थोडं सुटावं, हे मला त्या संस्थेच्या स्वभावाला धरून वाटतं.

बानूबाईंच्या कामात काही अडचणीचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. एका व्यक्तीने ५५ वर्षं संस्था सांभाळली, की संस्थेला त्या व्यक्तीच्या शब्दावर चालायची सवय लागते. त्यांचा दरारा होता, आणि दरारा वारशाने देता येत नाही. लोकसंख्या आवरण्याचा त्यांच्या पिढीचा ध्यास आजच्या स्त्रीवादी अभ्यासकांना टोचतो. त्यातल्या काही आक्षेपांत तथ्य आहे. बाईच्या शरीरावर देशाच्या आकडेवारीचं ओझं टाकलं गेलं, हे नाकारता येत नाही. तरी बानूबाईंचा हिशेब बाईच्या जगण्यापासून सुरू होत होता, एवढा फरक मी नोंदवून ठेवतो.

बानूबाई जुलै २००४ मध्ये गेल्या. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००५ मध्ये, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यातून गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणजे आशा ताई, आल्या. या वेळी सरकारने १९७७ ची एक चूक सुधारली: सगळ्या बायका निवडल्या, त्याही त्याच गावात नांदणाऱ्या. आज महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार आशा आहेत. कोविडच्या काळात त्या दारोदार फिरल्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. आणि तरीही मानधनासाठी त्यांना आझाद मैदानात बसावं लागतं. महाराष्ट्राचं मातामृत्यूंचं प्रमाण २०१८-२० च्या पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आलं. भोर समितीच्या आकड्याशी तुलना केली तर हजारांत वीस होतं ते लाखात तेहतीस झालं. या घसरणीत वढू-जामखेडच्या वह्यांचा आणि आज पाणंदीतून चालणाऱ्या आशा ताईंचा वाटा आहे. पण आशा ताई बाईला घेऊन ज्या दारात पोचतात ते दार कसं आहे, हा बानूबाईंचा प्रश्न अजून तसाच उभा आहे.

धर्मादाय रुग्णालयांच्या बैठकांतून मी बराच काळ वावरलो आहे. एका ठिकाणी रात्री पैशाच्या खिडकीपाशी मी उभा होतो. नाव सांगत नाही. पोटात दुखणाऱ्या बायकोला बाकावर बसवून एक माणूस फोनवर भावाकडे डिपॉझिटसाठी पैसे मागत होता. खिडकीवरचा मुलगा वाईट नव्हता. त्याला नियम तसा दिला होता. तो नियम कुणीतरी वातानुकूलित खोलीत बसून केला होता, आणि त्या ‘कुणीतरी’त माझ्यासारखी माणसं असतात, म्हणून हे सांगतो आहे.

कायदा काय म्हणतो? मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ठरलेली आणि २००६ सालापासून अमलात असलेली योजना धर्मादाय रुग्णालयांवर बंधनकारक आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. तातडीच्या वेळी डिपॉझिट न मागता दाखल करून घ्यायचं. हे नियम आणि ही टक्केवारी माहीत असलेले नातेवाईक किती? दर्शनी भागात पाटी लावलेली असते, पण बऱ्याचदा कुंडीच्या मागे.

या सभागृहात रुग्णालयांचे विश्वस्त बसले आहेत, डॉक्टर आहेत, देणगीदार आहेत. त्यांना माझी विनंती आहे. आपल्या रुग्णालयाचा पुढचा वार्षिक अहवाल छापाल तेव्हा त्यात एक पान वाढवा. आपल्या तालुक्यात, आपल्या वस्त्यांत या वर्षी किती बाळंतिणी आणि किती अर्भकं दगावली, त्यातली किती आपल्याकडे पोचली आणि किती पोचली नाहीत, हे त्या पानावर लिहा. माहिती आरोग्य खात्याकडे आणि आशा ताईंच्या वह्यांत आहे. मागायला गेलात तर मिळेल. आणि ज्यांचं रुग्णालयाशी काही नातं नाही अशा श्रोत्यांनी एवढं करावं: घराजवळच्या धर्मादाय रुग्णालयात जाऊन निर्धन रुग्णांच्या खाटांपैकी आज किती रिकाम्या आहेत ते विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं.